पाच घरांचा खेळ आणि आपल्या पोरांचं स्पेलिंग

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात पहिली ते आठवीतलं मूल आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. वादावादी नंतर करूच.

'पाच अक्षरी इंग्रजी शब्द, मध्ये ए आणि आय, शेवटी एन.' मोबाईलवर असं काहीतरी शोधत बसलेला एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. हा वर्डलचा नाद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द लपवलेला असतो. तो सहा वेळांत ओळखायचा. तुम्ही एक शब्द टाकला की अक्षरांना रंग येतात. हिरवा म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर. पिवळा म्हणजे अक्षर शब्दात आहे, पण या जागी नाही. राखाडी म्हणजे ते अक्षर शब्दातच नाही. मग अडलेले लोक शब्दांच्या याद्या शोधतात. या अक्षरांचे, एवढ्या लांबीचे शब्द कोणते? आजूबाजूचे लोक हसतात, म्हणतात, चीटिंग चाललंय. काही म्हणतात, रिकामे उद्योग.

मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नाही. कोणतं अक्षर कोणत्या जागी बसतं आणि त्याच्या शेजारी कोण चालतं, हा प्रश्न म्हणजेच स्पेलिंग. मोठी माणसं करमणूक म्हणून हा प्रश्न रोज सोडवतात. आणि आपल्या पोरांना शाळेत तो कुणी विचारतच नाही. त्यांना सांगितलं जातं, 'दहा शब्द, प्रत्येकी पाच वेळा लिहून आणा.' माझा राग या 'पाच वेळा'वर आहे.

आधी खेळाचं गणित बघू, कारण मुद्दा तिथूनच निघतो.

वर्डल तयार केला जॉश वॉर्डल नावाच्या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या इंजिनिअरनं, आपली जोडीदार पलक शहा हिच्यासाठी. तिला शब्दखेळांची आवड. १ नोव्हेंबर २०२१ ला हा खेळ अवघे ९० जण खेळले होते. दोन महिन्यांत आकडा तीन लाखांवर गेला आणि जानेवारी २०२२ च्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला. त्या वर्षी जगभर गुगलवर सर्वाधिक उसळी घेतलेला शोध 'वर्डल' हाच होता. ओळखण्याचे शब्द कोणते असावेत, ही निवड मुख्यतः पलक शहांनी केली. इंग्रजीतले सुमारे बारा हजार पाच अक्षरी शब्द एकेक करून पाहिले आणि आपल्याला माहीत असलेले साधारण अडीच हजार ठेवले.

आता हिशेब करा. इंग्रजीत २६ अक्षरं. पाच जागा. काहीही कुठेही बसवायची मुभा असेल तर २६ गुणिले २६ असं पाच वेळा, म्हणजे १,१८,८१,३७६ जुळण्या होतात. एक कोटी अठरा लाखांच्या वर. आणि खेळानं सुरुवातीला मान्य केलेले एकूण पाच अक्षरी शब्द होते १२,९७२. म्हणजे दर नऊशे जुळण्यांमागे एखादाच शब्द खरा. बाकीच्या सगळ्या इंग्रजीनं नाकारलेल्या.

याचा अर्थ काय? आपण म्हणतो, 'इंग्रजीला काही नियमच नाही, कुठलंही अक्षर कुठंही.' ते खरं नाही. कुठलंही अक्षर कुठंही बसत असतं तर हे कोटीभर शब्द झाले असते. इंग्रजी अक्षरं जागेबाबत फार काटेकोर आहेत. क्यू आला की मागोमाग यू येतोच, अपवाद अगदी किरकोळ. व्हीवर शब्द संपवायचा नाही, म्हणून 'ड्राइव्ह', 'ग्लोव्ह', 'लीव्ह', 'सर्व्ह' या सगळ्यांच्या शेवटी ई उभा आहे. तो ई उच्चारासाठी आहे की नाही हा पुढचा प्रश्न. आधी तो दाराला लावलेली कडी आहे एवढं सांगितलं तरी पोराला पुरतं. पण सांगतो कोण?

आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मी पाचवी-सहावीच्या मुलांसोबत तासभर बसतो. शिकवणी वगैरे नाही, नुसतं बसणं. तिथं सहावीतल्या एका मुलीनं 'ट्रेन' लिहिलं टी-आर-ई-एन. घरी याच शब्दाला लाल फुली मिळाली होती आणि वीस वेळा लिहायची शिक्षा. मला विचाराल तर पोरीनं कानानं ऐकलं तसं चोख लिहिलं होतं. मराठी शाळेत आपण तिला पहिलीपासून हेच तर शिकवलं की जसं बोलशील तसं लिही. मी फळ्यावर पाच चौकोन काढले. पहिल्यात टी, दुसऱ्यात आर, शेवटच्यात एन. म्हटलं, मधली दोन घरं रिकामी आहेत, एका आवाजाला इथं दोन अक्षरं लागतात. बरोबरची जोडी सांगितली, ए आणि आय. आणि विचारलं, ही जोडी अजून कुठं बघितलीस?

दहा मिनिटांत सगळ्यांनी मिळून 'ब्रेन', 'चेन', 'ग्रेन', 'ड्रेन', 'पेंट', 'प्लेन' एवढे शब्द गोळा केले. मग एक पोरगा म्हणाला, 'सर, ही जोडी मधेच असते. शेवटी का नाही?' मी म्हटलं, शेवटी काय असतं ते शोधा. त्यांनी शोधलं. 'प्ले', 'स्टे', 'टुडे', 'डिले', 'स्प्रे'. शेवटी आलं की आय जातो आणि वाय येतो. नियम मी सांगितला नाही, त्यांनी काढला. पुढच्या शनिवारी तेच 'पॉइंट', 'नॉइज', 'व्हॉइस' आणि 'एन्जॉय', 'अनॉय' यांचं. मध्ये ओ-आय, शेवटी ओ-वाय. पोरं स्वतःहून म्हणाली, 'हे तर परवासारखंच आहे.'

वीस वेळा लिहून एक शब्द येतो, तोही चार दिवस. जोडी समजली की एका तासात डझनभर येतात.

'के'चंही तसंच. 'ब्लॅक', 'क्लॉक', 'ट्रक', 'ब्रिक' या सगळ्यांत शेवटी सी-के, कारण आधी एकटा ऱ्हस्व स्वर. 'स्पीक', 'ब्रेक', 'चीक' यांत आधी स्वरांची जोडी, म्हणून नुसता के. 'स्मोक', 'स्पाइक' यांत स्वर एकटा पण उच्चार लांब, म्हणून के आणि पुढं ई. ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दातली जागा! हे आपल्याला नवीन आहे का हो? मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून आपण पाळतो, त्यांतही हेच आहे. शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून कवी, पाटी, चाकू. 'बहीण'मधला ही दीर्घ, पण 'बहिणीला' म्हटलं की जागा बदलते आणि तो ऱ्हस्व होतो. आपलं मूल जागेवरून ऱ्हस्व-दीर्घ ठरवायला मराठीच्या तासाला शिकतं. तीच चावी इंग्रजीच्या तासाला चालते, हे त्याला सांगितलं जात नाही.

अडचण एकच मोठी आहे आणि तीही बोलली जात नाही. आपलं अक्षर आणि इंग्रजी अक्षर ही एक गोष्ट नाही. 'ट्रेन' म्हणजे आपल्या लेखी दोन अक्षरं, ट्रे आणि न. इंग्रजीत पाच. आपल्याकडं व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर होतं आणि काना-मात्रा त्याला चिकटते. तिकडं प्रत्येक जण सुटा उभा. मराठीतून येणाऱ्या मुलाला पहिल्यांदा हा फरक पाच घरं आखून दाखवायला हवा. आपण थेट 'सी ए टी कॅट' म्हणायला लावतो आणि पोर बिचारं गाणं म्हटल्यासारखं म्हणतं.

आता कुणीतरी म्हणणार, 'मग नाइटमधला जी-एच सांगा की! तो कशाला आहे?'

सांगतो. माझ्या आवडीचा विषय आहे.

'नाइट', 'लाइट', 'राइट', 'फाइट', 'माइट', 'साइट', 'टाइट' आणि 'एट' या आठही नेहमीच्या पाच अक्षरी शब्दांत शेवटची चार अक्षरं एकसारखी. आय-जी-एच-टी. वर्डल खेळणाऱ्यांना हा सापळा चांगला माहीत आहे. चार घरं हिरवी होतात आणि तरी माणूस हरतो, कारण पहिल्या घरात काय घालावं कळत नाही. हा जी-एच एके काळी बोलला जायचा. घशातून, साधारण आपल्या 'ख'च्या जवळचा आवाज. जर्मन लोक आजही रात्रीला 'नाख्ट' म्हणतात आणि आठला 'आख्ट'. इंग्रजांच्या तोंडून तो आवाज हळूहळू गेला. पण विल्यम कॅक्सटननं १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं छापून छापून घट्ट होत गेली आणि अक्षर तिथंच राहिलं. वाड्यातली माणसं गेली, दारावरची पाटी राहिली, तसं.

आणि आता गंमत बघा. रात्रीला संस्कृतात एक शब्द आहे 'नक्त'. नक्तभोजन, नक्तव्रत हे शब्द आपल्या आजीला माहीत होते. 'नक्त', 'नाख्ट', 'नाइट' ही एकाच घरातली भावंडं. नाइटमधला जी-एच म्हणजे नक्तमधल्या 'क'ची खूण. एटमधला जी-एच म्हणजे अष्टमधल्या 'ष'च्या जागेची खूण. 'नील' म्हणजे गुडघे टेकणं, त्यातला न बोलला जाणारा के? संस्कृतात गुडघ्याला 'जानु' म्हणतात, त्यातल्या 'ज'चा तो नातलग. 'नोन' म्हणजे ज्ञात, त्यातला मुका के आणि आपला 'ज्ञ' हे एकाच मुळाचे. के हा सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत मुका झाला, लिहायचा मात्र राहिला.

हे सगळं सहावीच्या मुलाला सांगा, बघा विसरतंय का. त्याला कळतं की हा जी-एच मला छळायला घातलेला नाही, त्याला इतिहास आहे. आणि त्या इतिहासात माझीही भाषा आहे.

अर्थात सगळं नियमात बसतं असा दावा मी करत नाही. 'सेड', 'वॉज', 'वन', 'पीपल' हे पाठच करावे लागतात. पॉल हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत सतरा हजारांवर इंग्रजी शब्द संगणकाला घातले होते, फक्त उच्चाराचे आणि जागेचे नियम देऊन. जवळपास निम्मे शब्द संगणकानं तंतोतंत बरोबर लिहिले आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच शब्दांत एकाच ठिकाणी चूक होती. म्हणजे निम्मं ओझं नियमानंच उतरतं. उरलेल्यांसाठी पाठांतर करा की, कोण नको म्हणतंय? पण आपण शंभरातले शंभर शब्द पाठांतराच्या खात्यात टाकून मोकळे झालोय.

इंग्लंडमध्ये काय करतात ते बघा. तिथं २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी तपासणी होते. ४० शब्द वाचायचे. त्यातले २० खरे आणि २० चक्क खोटे, कुठल्याही कोशात नसलेले! का? कारण मुलानं शब्द पाठ केलाय की अक्षरांचा नेम त्याला कळलाय, हे खोट्या शब्दावरच कळतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ते आपल्या मुलांना पाठांतरावर सोडत नाहीत. आणि ज्यांच्या घरात इंग्रजीचा वारा नाही, त्यांच्या पोरांना आपण नुसतं पाठांतर देतो. उलटी गंगा आहे ही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी आता तिशी ओलांडतेय, त्यांची मुलं शाळेत जातायत. निर्णय चांगला की वाईट हा वाद आता जुना झाला. प्रश्न असा आहे की वर्षं वाढवली, पण पद्धत बदलली का? पुस्तकांना मी दोष देणार नाही. बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकांत यमकाचे शब्द आहेत, खेळ आहेत. पण परीक्षेला काय येतं, यावर तासाला काय होतं ते ठरतं. खेळाचं पान उलटलं जातं आणि शब्दार्थ वहीत उतरवले जातात.

आणि हे सगळं मी पब्लिकच्या प्रश्नांत का मोजतो, ते आता सांगतो. स्पेलिंग ही आपल्याकडं भाषेची गोष्ट उरलेली नाही, ती लायकी मोजायची फूटपट्टी झालीय. माझ्या ओळखीतला एक होतकरू मुलगा, डिप्लोमा झालेला, हातात कसब असलेला. एका ठिकाणी मुलाखतीला गेला. अर्जात 'रिसीट'चं स्पेलिंग चुकलं होतं. समोरच्यांनी तो कागद एकमेकांना दाखवून हसले. कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. तो मुलगा त्यानंतर सहा महिने कुठं अर्जच करेना. 'रिसीट'मधला पी तरी काय आहे? लॅटिनची आठवण म्हणून विद्वानांनी मागाहून घुसवलेला. म्हणजे जुन्या पंडितांच्या हौसेपायी आमच्या पोराची भाकरी अडली.

आणि शुद्ध म्हणजे तरी कुणाचं शुद्ध? १२ जानेवारी २०२२ ला वर्डलचा शब्द होता 'फेव्हर', अमेरिकन पद्धतीनं, यू न घालता. ब्रिटनमधल्या लोकांनी त्या दिवशी समाजमाध्यमांवर रान उठवलं. त्यांच्याकडं तो शब्द सहा अक्षरी! ज्यांची भाषा तेच आपसांत भांडतात, आणि आपण एका अक्षरावरून माणूस मोडीत काढतो. बरं, त्याच खेळाच्या यादीत 'करी', 'कर्मा', 'खाकी' हे आपल्याकडचे शब्द उत्तर म्हणून आहेत. 'लाठी', 'धोती', 'तबला', 'क्रोर' हेही चालतात, पण नुसते अंदाज करायला. पहिल्या यादीत त्यांना उत्तराचा मान नव्हता. कुठला शब्द आत, कुठला बाहेर हे शेवटी यादी करणारा माणूस ठरवतो. यादी देवानं दिलेली नाही, एवढं आपण लक्षात ठेवलं तरी फूटपट्टी थोडी खाली ठेवू.

इथं तीन आक्षेप येणार, मला माहीत आहेत.

पहिला, 'पोरांना मोबाईलवर गेम शिकवता काय?' नाही. मोबाईल लागतच नाही. फळा, खडू आणि पाच चौकोन. हिरव्या खडूऐवजी अक्षराभोवती गोल, पिवळ्याऐवजी खाली रेघ. काम झालं.

दुसरा, 'मास्तरांना वेळ आहे का? आधीच सर्वेक्षणं, माहिती भरणं, फोटो पाठवणं.' हे शंभर टक्के खरं आहे आणि शिक्षकांच्या बाजूनं मी कधीही उभा राहीन. म्हणूनच म्हणतो, हे तासाला जोडलेलं वेगळं काम नको. वीस वह्यांतले पाच-पाच वेळा लिहिलेले शब्द तपासण्यापेक्षा दहा मिनिटांचा फळ्यावरचा खेळ शिक्षकालाही सुखाचा.

तिसरा आक्षेप मराठीप्रेमींचा. 'इंग्रजीचं एवढं कौतुक कशाला?' कौतुक नाही. भीती काढायची आहे. इंग्रजीची भीती हेच मराठी शाळा ओस पडण्याचं एक मोठं कारण आहे. बापाला वाटतं, झेडपीच्या शाळेत घातलं तर पोरगं इंग्रजीत मार खाईल. म्हणून कर्ज काढून पिवळ्या बसमध्ये बसवतो. मराठी शाळेतल्या पोरानं इंग्रजीचे नेम हसत-खेळत उलगडले, तर तो बाप थांबून विचार करेल. मराठी शाळा वाचवायची असेल तर तिथलं इंग्रजी चांगलं करावं लागेल, हे मला तरी दुसऱ्या कुठल्याही घोषणेपेक्षा पटतं.

तर मागणी साधी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत जे आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मांडा. एक, शिक्षा म्हणून शब्द पुन्हा पुन्हा लिहायला लावणं बंद. दोन, वर्गाच्या एका भिंतीवर शब्दांची यादी, पण ए-बी-सीच्या क्रमानं नाही, नेमाच्या क्रमानं. आय-जी-एच-टीवाले एका रांगेत, सी-केवाले दुसऱ्या, मुका के असलेले तिसऱ्या. मुलांनी सापडतील तसे शब्द तिथं स्वतः भरायचे. तीन, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं पाच घरांचा खेळ. खर्च, रंगीत खडूचा एक डबा.

आणि पालकांनो, संध्याकाळी पोर चुकीचं स्पेलिंग लिहील तेव्हा लगेच ओरडू नका. आधी विचारा, 'असं का लिहिलंस?' दहातल्या आठ वेळा त्याच्याकडं कारण असेल, आणि ते कारण शहाणपणाचं असेल. मग एकत्र शोधा, ती अक्षरं अजून कुठल्या शब्दात आहेत. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. पाच घरं आखता आली म्हणजे झालं.

शिक्षक मित्रांनी आपले अनुभव खाली जरूर लिहावेत. कुणी हे आधीपासून करत असेल तर कसं करता ते सांगा, बाकीच्यांना उपयोग होईल. आणि कुणाच्या स्पेलिंगला हसायची सवय असेल, त्यांनी पुढच्या वेळी हसण्याआधी त्या माणसाला कामाबद्दल एक प्रश्न विचारून बघावा.